बटराची विरी

मोबाईलला मी विचारलं, "ग्लूटेन नसलेलं बटर कसं करायचं?" मोबाईलनं लगेच उत्तर दिलं की बटरमध्ये मुळातच ग्लूटेन नसतं, ते सायीपासून बनतं, तरी पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. शेजारी पिवळ्याधमक लोण्याच्या वडीचं चित्र होतं. मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा वडी दाखवली. तिसऱ्यांदा मी "चहात बुडवायचं बटर" असं स्पष्ट लिहिलं, तर कुठल्यातरी थंड प्रदेशातले लोक चहात लोणी घालून पितात, याची सविस्तर माहिती त्यानं पुरवली. मी मोबाईल सोफ्यावर आपटला. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला साधा प्रश्न विचारता येत नाही असं कुणी सुचवलं, की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडचे नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लातूर-नांदेडकडं बटर म्हणजे लोणी नव्हे. बटर म्हणजे बेकरीत मिळणारा, मुठीत मावेल एवढा, खडखडीत वाळलेला मैद्याचा गोल पाव. वरून तांबूस, आतून जाळीदार, मधूनच एखादं जिरं दाताखाली येतं. नुसतं खायला गेलात तर टाळू सोलून निघते. ते चहात बुडवायचं, मऊ होईपर्यंत धरून ठेवायचं आणि तुटायच्या आत तोंडात घालायचं. यात जो चुकतो त्याचं बटर कपाच्या तळाशी जाऊन बसतं.

माझी बायको उमरीची. तिच्या लहानपणी उमरीत स्टेशनकडच्या बेकरीतून बटरांची पिशवी घरी यायची आणि ती संपेपर्यंत घरातली पोरं बाहेर खेळायला जायची नाहीत. लग्न होऊन ती लातूरला आली तेव्हा बटराची सवय सोबत घेऊनच आली आणि मलाही लावली. रोज सकाळी साडेसहाला मागच्या दाराच्या पायरीवर आम्ही दोघं, दोन कप, मध्ये एक ताटली आणि ताटलीत चार बटरं. ती कधी मोजायची नाही, घड्याळ बघायची नाही. बटर चहात धरून बोलायला लागायची, आणि तिचं वाक्य संपलं की बटर बरोबर तयार झालेलं असायचं. माझं मात्र हमखास पडायचं, कारण वाद घालताना मला हाताचं भान राहत नाही. मग ती स्वतःचा चमचा माझ्या कपात घालून तळाचा गाळ काढून माझ्या पुढ्यात ठेवायची. "घ्या सर," असं म्हणायची. ती मला सर म्हणते ते फक्त माझी चूक झाल्यावर.

अशी आमची वर्षं गेली. मग तिचं पोट दुखायला लागलं.

इथं मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना लाज वाटते. पोट दुखतं, फुगतं, थकवा येतो, असं ती म्हणायची तेव्हा मी म्हणायचो, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." ओवा खा म्हणायचो. फार विचार करू नकोस म्हणायचो. एकदा तर चारचौघांत म्हणालो, "हिचं पोट पाहुणे यायचे असले की दुखतं." सगळे हसले, तीही हसली. हे चार वर्षं चाललं. ती वाळत गेली, तरी विज्ञानाचे शिक्षक ओवाच सुचवत होते. शेवटी तिनंच एकटीनं जाऊन लातुरातल्या एका पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतडं पाहिलं आणि निदान निघालं: हिला गहू चालत नाही. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, ते हिच्या आतड्याला बाधतं. पोळी बंद, मैदा बंद, रवा बंद. भांडी वेगळी, चमचे वेगळे, एकमेकांचं उष्टं तर मुळीच नाही.

ती घरी आली आणि कागद माझ्या हातात दिला. "मनाचे खेळ," ती म्हणाली, "आतड्यात चालले होते."

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. त्याऐवजी मी ग्लूटेनची रासायनिक रचना समजावून सांगायला लागलो. ती उठून कुकर लावायला गेली.

पोळीचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. आमच्याकडं ज्वारीची भाकरी काय, दोन्ही वेळा चालते. वाईट वाटलं ते बटराचं. पहिल्या दिवशी तिनं ताटली कपाटात ठेवून दिली आणि ओट्याशी उभी राहूनच चहा प्यायली, औषध घ्यावं तसा. "बाहेर ये ना बसायला," मी म्हणालो. "नुसत्या चहाला बसायचं कशाला?" ती म्हणाली. झालं, बैठक मोडली. पायरीवर मी एकटा. बाणेदारपणे मीही बटर सोडलं. सोडलं म्हणजे चार दिवस सोडलं. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपरीवर उभा राहून दोन खाल्ली आणि घरी आलो. तिनं दारातच माझ्या मिशीकडं पाहिलं आणि म्हणाली, "जिरं आहे." बस्स, एवढंच.

त्या जिऱ्यानं मला पार खाली बसवलं. मी ठरवलं, हिला पायरीवर परत आणायचं. गव्हाचा कण नसलेलं बटर करायचं आणि ते चहात टिकलं पाहिजे.

मी शिस्तीचा माणूस आहे. शंभर पानी वही घेतली आणि शाळेत पोरांकडून लिहून घ्यायचो तसे मथळे टाकले: हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. हेतूखाली लिहिलं, "सौ.ला सकाळच्या चहाबरोबर बटर खाता यावे." मग टपरीवर जाऊन मूळ बटराचं माप घेतलं. चहात धरून सावकाश आकडे मोजले. बारा म्हणताना बटर मऊ, तेरा म्हणताना धोका, चौदाला तळाशी. टपरीवाला बघत होता. "सर, काही चुकलं का चहात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, प्रयोग चालू आहे. मग एक छोटा ओव्हन आणला, घरातला गव्हाचा डबा बाहेर काढला, ओटा तीनदा पुसला आणि बायकोला स्वयंपाकघरातून हाकललं.

पहिला प्रयोग तांदळाच्या पिठाचा. बटर दिसायला देखणं झालं. चहात घातलं आणि मी "एक" म्हणायच्या आत ते नाहीसं झालं. विरघळलं की कुठं गेलं, कपात शोधूनही सापडलं नाही, फक्त चहाची खीर झाली होती. दुसरा प्रयोग ज्वारीचा. ते ओव्हनमधून काढतानाच फुटलं. त्याचे तुकडे ताटलीत घेऊन मी बाहेर आलो तर बायको म्हणाली, "भाकरीचा कुस्करा छान झालाय, वर दूध घाला." मी वहीत लिहिलं, "निरीक्षण: घरातून टिंगल."

मग मी अभ्यास वाढवला. इंग्रजी पाककृती सांगतात की गव्हाचा चिकटपणा नसेल तर त्याच्या जागी झँथन गम नावाची पूड घालावी. मी लातूरच्या गोलाईच्या बाजारात गेलो. तिथल्या एका किराणा दुकानात माझाच जुना विद्यार्थी बसतो. तो नववीत दोनदा राहिला होता, तरी माझा मान ठेवतो.

"गम पाहिजे," मी म्हणालो. "झँथन गम."

"गम म्हंजे डिंक ना सर?"

आता डिंकाला इंग्रजीत गम म्हणतात हे त्याला मीच शिकवलं होतं. त्यामुळं मला नाही म्हणता येईना. "हो, तसंच काहीतरी," मी म्हणालो.

"हाय की! लाडवाचा एक नंबर डिंक हाय. घरात कोण बाळंत झालं सर?"

"कुणी नाही. बटरात घालायचाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, डिंक तोलला आणि पुढं काही विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसाचं असं होतं, असा भाव त्याच्या तोंडावर स्पष्ट होता.

डिंक घरी जाडसर कुटला आणि ज्वारीच्या पिठात घातला. डिंकाचे खडे तुपात तळले की फुलतात हे मला ठाऊक होतं, ओव्हनमध्ये काय करतात ते नव्हतं. ते काचेसारखे होतात. तयार झालेलं बटर ओट्यावर ठेवलं तर टक्क असा आवाज झाला. चहात धरलं. बारा झाले, वीस झाले, पन्नास झाले. हात भरून आला. ऐंशीला मी हार मानली आणि तसंच चावलं. माझ्या दाढेत दोन वर्षांपूर्वी भरलेलं सिमेंट होतं, ते बाहेर आलं आणि बटर जसंच्या तसं राहिलं. वहीत लिहिलं, "निरीक्षण: चहा संपला, बटर शिल्लक." दाढ पुन्हा भरायला गेलो तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" मी म्हणालो, "बटर." ते म्हणाले, "लोण्यानं असं होत नाही हो." ते पुण्याचे होते.

त्याच सुमारास बायको म्हणाली, "आईला चार दिवस इकडं आणायचंय. जाऊन घेऊन या." तिची आई उमरीला राहते. मी सासूबाईंना मामी म्हणतो. मी लगेच तयार झालो, कारण उमरीला ती मूळ बेकरी होती. मूळ कारागिराला विचारायचं, मग बघू काय राहतंय.

स्टेशनवर उतरलो तो आधी बेकरीत गेलो. भट्टीपुढं पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. बायको इथलीच, तिला मैदा चालत नाही, मैदा न घालता बटर कसं करायचं.

"मैदा निकाल दिये तो बटर में रह्या क्या सर?" चाचा म्हणाले. "हवा?"

"दुसरं काय काय असतं त्यात?"

"शक्कर, नमक, जिरा, खमीर, वनस्पती घी. बस."

"आणि बटर? म्हणजे लोणी? ते किती घालता?"

चाचांनी भट्टीतली लांब पळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं. "बटर में बटर कौन डालता सर?"

निघताना त्यांनी बटरांची एक पुडी माझ्या हातात कोंबली, बेटी को देना म्हणाले. मग आठवून परत घेतली. "नको नको, बीमार पडेगी," म्हणाले आणि त्याऐवजी खडीसाखर दिली. त्या खडीसाखरेनं मला गलबलून आलं, पण मामींना घेऊन गाडीत बसल्यावर त्यांना तसं दिसू दिलं नाही.

मामी सत्तरी ओलांडलेल्या, चौथी शिकलेल्या आणि माझ्यापेक्षा आवाजानं मोठ्या. लातूरला आल्या त्या दिवशीच त्यांनी ओव्हनचं दार उघडून आत पाहिलं. "जावईबापू, ही पेटी कशाची? अन् हे काय करून राहिले तुमी रोज?" मी प्रयोग समजावला. "लई चांगलं," त्या म्हणाल्या, "मी हाय ना मदतीला." माझा आणि मदतीचा छत्तीसचा आकडा आहे. पण सासूबाईंना कोण सांगणार?

चौथ्या प्रयोगासाठी मी चाचांचं न ऐकता एका इंग्रजी पाककृतीप्रमाणं लोणी घालायचं ठरवलं. वहीत साहित्य लिहून ठेवलं: ज्वारीचं पीठ तीन वाट्या, साखर, मीठ, जिरं, बेकिंग पावडर, दही, बटर शंभर ग्रॅम. आणि पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. मी जिवंत आहे हे पटवून द्यायला तिथं अडीच तास लागले, कारण मशीन माझा अंगठा ओळखेना. पीठ मळू मळू अंगठ्याच्या रेषा पुसल्यात की काय, असं मला वाटायला लागलं.

घरी आलो तर मामींनी पीठ मळून तयार ठेवलेलं. "वही वाचून सगळं घातलं बघा," त्या म्हणाल्या, "तुमी नुसतं पेटीत सारा." पीठ हाताला चांगलं लागत होतं, पहिल्यांदाच सुटत नव्हतं. मी गोळे केले आणि ओव्हनमध्ये सारले. थोड्या वेळानं घरात असा वास सुटला की मी जागच्या जागी उभा राहिलो. बायको बाहेरून आली आणि दारातच थांबली. "अहो," ती म्हणाली, "हा तर आमच्या उमरीच्या बटराचा वास!"

माझा आनंद मावेना. तांबूस रंग, वर जिरं, टकटक वाजवलं तर पोकळ आवाज. चहा झाला. आम्ही तिघं मागच्या दारी आलो, आणि कितीतरी महिन्यांनी बायको पायरीवर बसली. पहिलं बटर मी स्वतः बुडवलं. एक, दोन, तीन... बारा! बारापर्यंत टिकलं! मी खाल्लं. हुबेहूब. मी उठून जवळजवळ नाचलोच. बायकोनं दुसरं उचललं, चहात धरलं. डोळे मिटून तिनं ते तोंडाजवळ नेलं.

"होणारच हुबेहूब," मामी कौतुकानं म्हणाल्या, "बटर मी लई बारीक कुटलं खलबत्त्यात."

"कुटलं?" मी म्हणालो. "लोणी कुठं कुटतात?"

"लोणी न्हाई ओ, बटर. कोपऱ्यावरनं शंभर ग्राम आणलं. तुमच्या वहीतच हाय की."

मी झेप घेतली. बायकोच्या ओठाला लागलेलं बटर मी हिसकावून घेतलं आणि अंगणात भिरकावलं. तिचा चहा सांडला, कप फुटला. ती रिकाम्या हातानं माझ्याकडं बघत राहिली.

"मामी!" मी ओरडलो. "त्यात गहू असतो! मैदा म्हणजे गहूच! तिला चालत नाही हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"गहू चालत न्हाई ते माहीत हाय की," मामींचा आवाज पडला. "पण बटर कुटं गव्हाचं ऱ्हातंय? पोळी गव्हाची ऱ्हाती. बटर बेकरीचं ऱ्हातंय."

"काही विचारायचं नाही, समजून घ्यायचं नाही! आत्ता तिनं खाल्लं असतं तर?"

मामींनी पदर खोचला. "हाव, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी एक डाव चुकले, अन् लगीच चुकलं म्हणले. माझी लेक चार वर्सं पोट धरून बसायची, तवा तुमी काय म्हणत होते? ते कवा चुकलं म्हणले तुमी?"

मी अंगणात जाऊन फेकलेलं बटर शोधायला लागलो, कारण कुठंतरी बघायला हवं होतं. तेवढ्यात मागून विचित्र आवाज आला. बायको रडतेय असं वाटून मी वळलो तर ती हसत होती. पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बटरमध्ये बटर!" ती कशीबशी म्हणाली. "आई गं, बटरमध्ये बटर घातलं!" उमरीच्या चाचांचं वाक्य मीच तिला सांगितलं होतं. मग मामीही हसायला लागल्या. मला हसू आलं नाही, मी फुटलेल्या कपाचे तुकडे उचलायला लागलो.

त्या दिवशी खलबत्ता, परात, ओव्हनची थाळी, सगळं मी घासलं. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. "आता मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "हे गुलटन म्हंजे काय?"

मी खडू घेतल्यासारखा हात उचलला. प्रथिनांच्या साखळ्या, त्यांचं जाळं, जाळ्यात अडकणारी हवा. दहा मिनिटं बोललो. मामींनी एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे विरी."

"काय?"

"विरी ओ. पिठातला चिकटपणा. ज्वारीला पण विरी असती. ताज्या पिठाला असती, पीठ जुनं झालं की जाती. विरी गेलेल्या पिठाची भाकर थापताना चिरती." त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "तुमच्या ह्या सगळ्या बटरांची विरी गेलेली हाय."

"मग विरी गेल्यावर काय करतात?" मी विचारलं, आणि मला एकदम जाणवलं की हा प्रश्न विचारायला मला किती महिने लागले. ज्या घरात रोज भाकरी थापली जाते त्या घरात मी डिंक कुटत बसलो होतो.

"उकड घालतात. तुमच्या बायकोला पण माहीत हाय. तिला इचारलं का कवा?"

विचारलं नव्हतं. मी तिला स्वयंपाकघरातून हाकललं होतं. मी आत गेलो. ती ओट्याशी उभी राहून चहा पीत होती.

"उकड कशी करतात?" मी विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. "आधण येऊ द्यायचं," ती म्हणाली, "मग पीठ घालून झाकण ठेवायचं. कोमट झालं की मळायचं, हात दुखेपर्यंत. आणि जवस वाटून घाला त्यात, ते डिंकापेक्षा बरं धरतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सर शिकवत होते ना," ती म्हणाली.

निदानानंतर हिच्यासाठी म्हणून घेतलेल्या घरच्या छोट्या चक्कीवर त्या दिवशी ताजी ज्वारी दळली. आधणाची उकड केली, भिजवलेले जवस वाटून घातले, थोडं तूप, साखर, जिरं. मळायचं काम माझ्याकडं आलं. मामी उभ्या राहून सूचना देत होत्या, बायको बसून सूचना देत होती. गोळे भाजले, गार केले, मग मंद आचेवर पुन्हा वाळवले. मधेच लाईट गेली आणि तासाभरानं आली, तोवर मी ओव्हनपुढं पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलो. त्यानं काय होणार होतं हे मला आजही सांगता येणार नाही. बटरं जरा काळपट झाली, एक बाजूला कलंडली, आणि उमरीच्या बटराशी त्यांचं लांबचंसुद्धा नातं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी ती डब्यात ठेवली.

सकाळी साडेसहाला मी ताटली काढली. दोन कप, चार बटरं. मामी मुद्दाम तुळशीला पाणी घालायला गेल्या, आणि घालतच राहिल्या. बायको येऊन पायरीवर बसली. तिनं एक काळपट बटर उचललं आणि चहात धरलं.

"एक," मी म्हणालो. "दोन."

"मोजू नका," ती म्हणाली. "बोला काहीतरी."

काय बोलावं ते मला चांगलं माहीत होतं, फक्त ते कधी बोललो नव्हतो. बटर चहातच होतं, वेळ कमी होता.

"तुझं पोट दुखायचं तेव्हा मी तुझं ऐकायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "मला वाटायचं, मला सगळं कळतं. चारचौघांत तुझी थट्टा केली. माझं चुकलं. चारही वर्षं चुकलं."

ती माझ्याकडं बघत होती. तिचं बटर तुटलं नाही. तिनं ते शांतपणे वर काढलं आणि तोंडात घातलं. हळूहळू चावलं.

"जवस जास्त झालेत," ती म्हणाली. मग दुसरं बटर उचलून चहात धरलं. "अजून बोला."

मी बोलायला लागलो. ओव्याचं बोललो, दवाखान्यात ती एकटी गेली त्याचं बोललो, मिशीतल्या जिऱ्याचंही बोललो. किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्याही हातात बटर होतं हे मी विसरलोच होतो, आणि बघतो तर बोटांत नुसती कडा उरलेली, बाकी सगळं तळाशी.

तिनं माझ्या कपात वाकून पाहिलं. आपल्या कपातला चमचा उचलला, तो माझ्या कपात घातला आणि तळाचा गाळ काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"घ्या सर," ती म्हणाली.